शिंगाडीच्या टोप्या

बकरीचं पिल्लू जन्मलं की त्याची आई त्याला चाटून कोरडं करते आणि मग माझी पाळी येते. मी त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवते. केस सपाट बसलेले लागले तर पिल्लू भुंडं निघणार, त्याला जन्मभर शिंगं यायची नाहीत. दोन बाजूंना दोन भोवरे लागले तर तिथेच पुढे शिंगांचे कोंब फुटणार. हे मला कोणी शिकवलं नाही. चौथीनंतर मी घरीच होते आणि दाराशी बकऱ्या होत्या, त्यामुळे त्यांची कपाळं बघायला माझ्यापाशी दिवसभर वेळ होता. आता बकऱ्याही राहिल्या नाहीत. पण परवा माझी नात जुई मोबाइलवर एका पिल्लाचा फोटो दाखवत होती, तर माझा अंगठा आपोआप त्याच्या कपाळाकडे गेला. "आजी, अगं फोटो सरकला ना!" ती ओरडली. जुई महूला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकते. काय शोधत होतीस म्हणून तिने विचारलं, मी सांगायला लागले आणि नेहमीसारखं माझं निम्मं पोटातच राहिलं. बोलताना माझं असंच होतं. म्हणून दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की हे लिहिते आहे.

आमचं घर भैरवगढला, छीपा लोकांच्या वस्तीच्या कडेला. छीपा म्हणजे लाकडी ठप्प्यांनी कापड छापणारे. त्यांच्या मोहल्ल्यात आम्ही मराठी माणसं कशी, असं नवे लोक विचारायचे. माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे पणजोबा संस्थानच्या सरकारी फरासखान्यात होते. तंबू, कनाती, जाजमं यांची देखरेख त्यांच्याकडे. कनाती छापून घ्यायला ते इथे यायचे आणि मग इथलेच झाले. कनाती गेल्या, सरकार गेलं, आम्ही राहिलो. अण्णा फ्रीगंजच्या एका बँकेत शिपाई होते. सकाळी खाकी कपडे घालून, साखळीत अडकू नये म्हणून पँटला क्लिप लावून सायकलवर निघायचे आणि आई दारातून ओरडायची, "येताना टावर चौकातून शेव आणा, आणि इकडेतिकडे गप्पा मारत रुकू नका!" आमची मराठी अशीच होती. नागपूरची मावशी आली की हसायची. आई म्हणायची, "हसू दे तिला, तिला तरी कुठे इथले डाळ-बाफले करता येतात."

दिवस उजाडला की ठक-ठक सुरू व्हायची. ठप्पा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वर मुठीने ठोकायचं. प्रत्येक घरातून तो आवाज, कोणाचा जड, कोणाचा हलका. ऐकून सांगता यायचं की शेजारचे हमीद चाचा आज रागात आहेत की खुशीत. नदीवरून कापड आपटण्याचा आवाज यायचा आणि मध्येमध्ये आमच्या बकऱ्यांचं बें-बें. घरात मक्याची भाकरी, लसणाची चटणी आणि बकरीच्या दुधाचा चहा. त्या चहाला वास येतो म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा मिळत नसे.

काळ्या रंगाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावरून झालं. जुने खिळे, घोड्यांचे घासलेले नाल, असलं गंजकं लोखंड आणि गूळ मोठ्या मडक्यात पाण्यात घालून ठेवायचं. ते हळूहळू आंबतं आणि त्याचा काळा रंग होतो. चाचांच्या अंगणात असं मडकं कायम असायचं. आता, जिथे गूळ आहे तिथे बकरी जाणारच. झाकण ढकलून बकऱ्या ते चाटायच्या आणि काळी तोंडं घेऊन साळसूदपणे घरी यायच्या. यात पहिला नंबर आमच्या शिंगाडीचा.

मोहल्ल्यातल्या जवळजवळ सगळ्या बकऱ्या भुंड्या होत्या. तिथले लोक 'मुंडी' म्हणायचे. याला कारण होतं. नदीकडे जायची वाट कापड वाळवायच्या जागेतूनच जायची. दोऱ्यांवर चादरी, जमिनीवर ओढण्या. शिंगांची बकरी आली की चादरीत शिंग अडकलंच, आणि अडकल्यावर ती पळणारच. म्हणून पूर्वीपासून चाल अशी पडली होती की पिल्लं झाली की भुंडं ठेवायचं आणि शिंगाचं विकायचं. भुंडी बकरी लेकराबाळांना मारत नाही, गोठ्यात एकमेकींना भोसकत नाही, दिसतेही गोंडस. त्यात हमीद चाचांना कुठून तरी एक भुंडा बोकड मिळाला. त्याचं नाव नवाब. पांढरा शुभ्र, लांब कानांचा, छाती पुढे काढून चालायचा. त्याची खुबी अशी की बकरी शिंगांची असो की बिनशिंगांची, नवाबाची पिल्लं एकजात भुंडी. एकाच्याही कपाळाला भोवरे नाहीत. चाचा मिशीत हसून म्हणायचे, "खानदानी है!" सगळा मोहल्ला आपली बकरी नवाबाकडेच न्यायचा.

शिंगाडी तेवढी आमच्याकडे राहिली होती, कारण ती अण्णांच्या बहिणीने राखीला भावाला दिलेली होती. ती विकायची कशी? तपकिरी अंग, मागे वळलेली जाड शिंगं आणि नजर अशी की जणू आपणच तिच्या घरी पाहुणे आहोत. मी पाण्याला निघाले की ती माझ्या मागे. मला बाहेरच्या माणसांसमोर तोंड उघडायची फार लाज वाटायची. कोणी काही विचारलं की मी मानेनेच हो-नाही करायची. चाचा मला 'गूँगी बिटिया' म्हणायचे. शिंगाडीशी मात्र मी सारखी बोलायची. तीही काही माझ्या वरचढ बोलत नसे, त्यामुळे आमचं जमायचं.

त्या वर्षांत मोहल्ल्यात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. तरुण बकऱ्या गाभण राहीनात. दिसायला चांगल्या, अंगाने भरलेल्या, पण काही होईना. काही तर बोकडासारख्या वागायच्या. वरचा ओठ मुडपून हुंगायच्या, दुसऱ्या बकऱ्यांवर चढायच्या, मान ताठ, आवाज घोगरा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग काळजी करत बसायच्या, कारण दूध बायकांच्या हातचं होतं. चहा, लेकरांचा घोट, सगळं त्यावर. सगळ्यात जास्त झळ लागली चाचांच्या बायकोला, रशीदा खालाला. तिच्या दारात नुसत्या खाणाऱ्या बकऱ्या उभ्या होत्या. तिने गुन्हेगारही शोधून काढला. तो म्हणजे नवऱ्याचं काळ्या रंगाचं मडकं. गंजकं लोखंड पोटात गेलं की बकरीचा गर्भाचा कोठा जळतो, असं तिचं म्हणणं. बायकांना ते पटलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत शिंगाडीने चादर फाडली. टावर चौकातल्या एका दुकानाची ती चादर होती, लाल काठांची, मध्ये कोयऱ्यांची नक्षी. दोरीखालून जाताना शिंग अडकलं आणि ती चादरीसकट पळाली, बाकीच्या ओढण्यांवरून, चिखलातून, थेट नदीत. मी मागे धावले. पाण्यात शिंगाडी उभी, डोक्यावरून लाल चादर घेऊन, नव्या नवरीसारखी. मला इतकं हसू आलं की मी तिथेच खाली बसले. वळून बघते तर काठावर हमीद चाचा. ते हसत नव्हते.

दुपारी चाचांच्या अंगणात सगळे जमले. आई मला हाताला धरून घेऊन गेली. मागे शिंगाडी, तोंड काळं. येता येताच ती मडक्याकडे जाऊन आली होती.

"भाभी, ये सींगवाली अब इधर से नहीं जाएगी," चाचा म्हणाले. "मैं तुम्हारी इज्जत करता हूँ, पर मेरा माल देखो."

आईला शरमेने वर बघवेना. "नाही जाणार, भाईसाब. शनिवारच्या बाजारात देऊन टाकते तिला. वन्संना काय सांगायचं ते मी बघून घेईन."

शनिवारच्या बाजारात म्हातारपणाकडे झुकलेली बकरी कोण घेतं आणि कशासाठी, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात रशीदा खाला पुढे आली. "चादर की पड़ी है इनको! और मेरी बकरियाँ? पहले ये मटका फोड़ो, फिर दूसरों की बकरी निकालना."

"मटका फोड़ूँ? काला क्या तेरे सुरमे से छापूँ?"

"छापो! बीस बरस से मेरी जान तो छाप ही रहे हो!"

बायका हसल्या. चाचा उठून उभे राहिले. "बाप-दादा के जमाने से मटका यहीं है. तब नहीं हुईं बाँझ?"

"तेव्हा झाकण नीट लावत असतील," आई हळूच म्हणाली. ती चिडली की मराठीतच चिडायची, आणि मोहल्ल्याला ते कळायचं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मडकं फोडा, मडकं राहू द्या, शिंगाडी विका. शिंगाडी मध्ये उभी राहून ओठांवरचा काळा रंग चाटत होती. तिच्याकडे बघता बघता माझ्या तोंडातून शब्द निघून गेला.

"सबसे ज्यादा तो यही पीती है."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ठप्पाच बोलला. "गूँगी बोली?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण आता थांबले असते तर शनिवार आला असता. मी आईच्या पदराचं टोक धरून एका श्वासात म्हटलं, "शिंगाडी रोज पीती है. और हर बार जुड़वाँ देती है. उसकी बेटियाँ भी सब ब्याती हैं. मटके से होता तो पहले इसको होता."

मला काही कोडं सोडवायचं नव्हतं. शिंगाडी वाचावी एवढंच होतं, मडक्याचं पुढे काय ते मोठ्यांनी बघावं. पण रशीदा खाला डोक्याला हात लावून उभी राहिली. ती बोटांवर मोजायला लागली. आमची ठिपकी, शिंगाडीची मुलगी, व्याली. कोपऱ्यावरच्या घरातली चाँदनी, तीही शिंगाडीची, व्याली. मग अडलेल्या कोणत्या? तिने एकेकीची आई कोण, बाप कोण आठवायला सुरुवात केली. बाकीच्या बायका मदतीला आल्या. सोयरीक जुळवताना बायका बसतात तशा त्या बसल्या आणि बकऱ्यांची कुळं काढली. अडलेल्या सगळ्या भुंड्या होत्या. शिंगाची एकही नाही. आणि प्रत्येकीचा बापही भुंडा, आईही भुंडी. शिंगाडीच्या मुलींचा बाप नवाबच होता, पण आई शिंगांची. त्यांचं बरं चाललं होतं.

"यानी," खाला सावकाश म्हणाली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पाला खात असलेल्या नवाबाकडे तिने बोट केलं.

"ए! मेरे नवाब पे उँगली मत उठाना!" चाचा असे मध्ये आले, जणू तिच्या हातात सुरी होती. "उसमें क्या कमी है? देखो उसको!"

"उसमें कोई कमी नहीं जी. बस हर घर में वही वही है. ऊपर भी मुंडा, नीचे भी मुंडी. नमक अच्छा है तो क्या आटे की जगह नमक गूँध लूँ?"

जुईला मी एवढं कसंबसं सांगितलं तेव्हा ती टाळी वाजवून हसली. "आजी, तुझ्या खालाने बरोबर पकडलं होतं." मग तिने मला समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गोष्टीचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. कधी काळी, कुठल्या तरी बकरीच्या पोटात पिल्लू घडताना तो वाटा जरासा बदलला आणि त्या पिल्लाला शिंगं आली नाहीत. कोणी केलं नाही, आपोआप झालं. ते गुळगुळीत कपाळ कोणाला तरी आवडलं, त्याने ते पिल्लू ठेवलं, विकलं नाही, आणि मग ते पसरत गेलं. भुंडं व्हायला एकच वाटा पुरतो, आणि एकाने बकरीचं काही बिघडत नाही. दोन्हीकडून तोच वाटा आला तर बोकडाचं बहुतेक निभावून जातं, पण मादी पिल्लू धड बकरी होत नाही आणि व्यात नाही. नवाबाकडे दोन्ही वाटे भुंडे असणार, म्हणून त्याची सगळी पिल्लं भुंडी. शिंगाच्या बकरीची त्याच्यापासूनची पिल्लं चांगली निघायची. पुढे त्याच्या मुली त्याच्याकडेच नेल्या की घोटाळा. "मग असली गोष्ट आपोआप संपून का जात नाही?" मी विचारलं. जुई म्हणाली, "कारण एकेकट्याने ती चांगलीच असते ना. लोक तिच्यावरच खूश. वाईट दिसतं ते दुसऱ्याच पिल्लात, आणि त्याचं खापर मडक्यावर." मी म्हटलं, माणसांच्या घरातही असं असतं. ती म्हणाली असतं, पण माझ्या बोलण्याचा अर्थ वेगळा होता. असो.

त्या दुपारी यातलं काही कोणाला माहीत नव्हतं. एवढंच ठरलं की या हंगामात नवाबाला आराम द्यायचा आणि शिंगांचा बोकड आणून बघायचा. चाचा पटकन म्हणाले, "देखते हैं. गलत निकला तो नवाब से माफी माँगना सब." शिंगाडीचं काय, हे मात्र लटकलं. आई घरी येऊन म्हणाली, "चाचांची चादर फाटली, आता ती तिथून गेली की माझी मान खाली. या नव्या बोकडाची एक तरी मुलगी व्याली तर शिंगाडी राहील. नाही तर मी ऐकणार नाही, कुसुम." म्हणजे मला दीड-दोन वर्षं मिळाली. मधल्या काळात चादरी सांभाळायच्या होत्या. मी चाचांकडच्या छपाईतल्या बिघडलेल्या चिंध्या मागून आणल्या, त्यांचे गोळे केले, आत कापूस भरला आणि शिंगाडीच्या शिंगांवर बसवून नाडीने बांधले. लाल टोप्या, वर काळे ठिपके. पहिल्या दिवशी ती वाटेवरून निघाली तेव्हा ठक-ठक थांबली. एकेका दारातून लोक बाहेर आले. शिंगाडी डोकं हलवत चादरींच्या मधून गेली आणि काहीही अडकलं नाही. चाचा म्हणाले, "ले, मेरा छापा हुआ माल बकरी पहन के घूम रही है." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चांगल्या कापडाचा तुकडा दिला. म्हणाले, त्या चिंध्यांचा रंग फिका होता, लोक काय म्हणतील.

बोकड आणायचं काम अण्णांवर आलं. नदीपलीकडच्या गावात त्यांच्या बँकेतल्या ओळखीच्या एका माणसाचा होता. अण्णा सुट्टीच्या दिवशीही खाकीतच गेले, कारण त्यांना वाटलं त्याने वजन पडतं. परत येताना एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात दोरी, दोरीला एक काळा, दाढीवाला, भल्यामोठ्या शिंगांचा बोकड. त्याच्या वासाने कुत्री बाजूला होत होती. मोहल्ल्याच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, बैंक में नया मैनेजर आया क्या?" अण्णा हसले नाहीत. घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले, मग शेव-पोहे मागितले आणि मग हसायला लागले ते थांबेचनात. त्या बोकडाच्या शिंगांसाठी टोप्या शिवता शिवता माझ्या चिंध्या संपल्या.

पुढचं सगळं वाट बघणं. त्या काळ्या बोकडाची पिल्लं झाली, काही शिंगांची, काही भुंडी. शिंगाडीला त्याच्यापासून एक बोकड झाला, अर्थात शिंगांचा. तो वाढला आणि पुढच्या हंगामात मोहल्ल्याने त्यालाच ठेवलं. नवाब म्हातारा होऊन चाचांच्या खाटेशेजारी बसायला लागला. काळ्या बोकडाच्या मुलींत सगळ्यात मोठी रशीदा खालाची लाली. ती भुंडी होती. तिची आई नवाबाची मुलगी, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्यावर. ती जरा मान ताठ करून उभी राहिली तरी मी जवळ जाऊन तिचा आवाज घोगरा झालाय का ते ऐकायची. खाला रोज सकाळी तिच्या पोटावरून हात फिरवायची आणि मला दारातून खुणेने सांगायची, अजून कळत नाही. मग एक दिवस तिने नुसती भुवई वर केली आणि हसली.

लाली व्याली ती थंडीतल्या सकाळी, ऊन अंगणात उतरल्यावर. मी आणि खाला तिच्यापाशी. चाचा ओसरीवर छापत होते, पण एका ठोक्यानंतर दुसरा ठोका यायला वेळ लागत होता. आई कुंपणाच्या आमच्या बाजूला कपडे वाळत घालत होती, तेच ते धोतर पुन्हा पुन्हा झटकत. पिल्लू आलं. मादी होती. ओली, तांबूस, उभं राहायच्या घाईत. लालीने तिला चाटलं आणि मग माझी पाळी आली. मी अंगठा कपाळावर ठेवला. एका बाजूला केस गोल फिरले. दुसऱ्या बाजूलाही गोल फिरले.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं. "भोवरे! दो-दो भोवरे! सींगवाली है!"

ठक-ठक थांबली. एका घरात, मग दुसऱ्या घरात. लोक दारात आले. ज्या मोहल्ल्यात शिंगांचं पिल्लू झालं की बाजारची वाट धरायचं, तिथे रशीदा खाला आत जाऊन गूळ घेऊन आली आणि वाटायला लागली. चाचा रंगलेल्या हातांनी उठून आले. वाकून पिल्लाचं कपाळ पाहिलं. मग लालीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अच्छा, गूँगी बिटिया, टोपी किस नाप की लगेगी?"

मी कुंपणापलीकडे पाहिलं. आईने धोतर अखेर दोरीवर टाकलं होतं.

"आई, शिंगाडी?" मी विचारलं.

"तिचं काय," आई चिमटे लावत म्हणाली, "दूध काढायची वेळ होऊन गेली तिची. उभी राहून ओरडतेस काय, जा."